दुसऱ्याच्या मुलाचा खोकला

बदलापुरास राहणाऱ्या आमच्या मंडळींतील एका भगिनीनें गेल्या वर्षीं आम्हांस एक प्रश्न विचारला. तिचें पहिलें बाळ त्या वेळीं चार महिन्यांचें होतें. ती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत मालाच्या पेट्या भरण्याचें काम करिते. नवरा कल्याणास रिक्षा चालवितो. सासू मुरबाडच्या पलीकडे गांवीं असते, आणि तिच्यानें आतां स्वतःचेंच होत नाहीं. रजा संपत आली होती. स्टेशनाजवळच्या एका चाळींत एक वृद्ध बाई पाळणाघर चालविते, व तेथें लहानमोठीं चौदा मुलें असतात. आमची भगिनी तें स्थळ पाहून आली, आणि पाहून आल्यापासून तिची झोंप उडाली. चौदांपैकीं चार मुलांचीं नाकें वाहत होतीं, एक मूल सारखें खोकत होतें, आणि त्यानें तोंडांत घातलेला खुळखुळा दुसऱ्यानें उचलून आपल्या तोंडांत घातला. "अशा ठिकाणीं मीं माझें बाळ ठेवलें, तर तें पाप होईल काय?" असें तिनें विचारलें.

तिनें पाप हा शब्द वापरला, म्हणून आम्हांस थांबावें लागलें. ती जागा चांगली आहे किंवा नाहीं एवढेंच तिनें विचारलें असतें, तर आम्ही एखाद्या डॉक्टराकडे बोट दाखवून मोकळे झालों असतों.

हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हे. उल्हासनगर हें मुळीं शहर नव्हतें. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ सैन्यासाठीं बराकी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंध प्रांतांतून आलेलीं निर्वासित कुटुंबें त्यांत राहिलीं, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. २०११ सालच्या शिरगणतींत तेथें पांच लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं, आणि शहराचें क्षेत्रफळ मात्र सुमारें तेरा चौरस किलोमीटर. अंबरनाथाचें शिवालय शिलाहार राजांच्या काळचें. तथापि आजचें गांव वाढलें तें आगपेट्यांच्या व दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळें, आणि त्याच शिरगणतींत तेथील वस्ती अडीच लाखांवर गेली होती. बदलापूर हें आमच्या वृद्ध वाचकांस भातखाचरांमधील एक स्टेशन म्हणूनच आठवत असेल. तेंही त्या सालीं पावणेदोन लाखांच्या जवळ पोहोंचलें होतें. मुंबईंत भाडें परवडत नाहीं म्हणून माणसें लोकलगाडीच्या वाटेनें एकेक स्टेशन मागें सरकत आलीं. खोली लहान मिळाली, म्हणून आजी गांवीं राहिली. पूर्वीं जें मूल आजीच्या मांडीवर वाढलें असतें, तें आतां पाळणाघरांत वाढतें.

आपल्या खेड्यांत पाळणाघर नाहीं, सबब हें लिखाण आपल्यासाठीं नव्हे, असें मात्र कोणी समजूं नये. वीटभट्टीवर झाडाला बांधलेली झोळी आणि तिच्याजवळ बसविलेली आठ वर्षांची बहीण, हेंही पाळणाघरच होय. अंगणवाडी आहे, शाळेची ओसरी आहे, आणि रविवारीं आपल्या उपासनेस जमणारी दाटी तर आहेच. जेथें एका घरचें तान्हें मूल दुसऱ्या घरच्या मुलांच्या श्वासाजवळ येतें, तेथें त्या भगिनीचा प्रश्न उभा राहतो.

आपल्या वाडवडिलांनीं तो आपल्या परीनें सोडविला होता. बाळंतिणीस सव्वा महिना घराबाहेर पडूं द्यावयाचें नाहीं. परक्यानें खोलींत शिरावयाचें नाहीं. बाहेरून आलेल्यानें हातपाय धुतल्यावांचून मूल घ्यावयाचें नाहीं. घरांत देवी आल्या तर दाराला निंबाचा डहाळा. यांत भोळेपणा पुष्कळ होता. काळी तीट व गळ्यांतील दोरा यांनीं कोणताही रोग आजवर अडविलेला नाहीं, आणि विटाळाच्या कल्पनेनें बाळंतिणीचे हाल किती झाले तें आमच्या आयाबहिणींस विचारावें. परंतु सव्वा महिना गर्दी टाळण्याच्या रीतींत शहाणपण होतें, हें कबूल केलें पाहिजे. उणीव इतकीच कीं, सव्वा महिना पुरत नाहीं.

आतां रोगांकडे वळूं, कारण भीतीला तोंड द्यावयाचें तर आधीं ती कशाची हें पाहिलें पाहिजे. पाळणाघरांत जाणाऱ्या मुलास पहिल्या वर्षीं सर्दीपडसें अधिक होतें, हें खरें आहे. आई हवालदिल होते. रात्रीच्या रात्री जागून जातात. तरी या साध्या पडशांनीं सहसा कायमचें नुकसान होत नाहीं, आणि अशीं मुलें पुढें शाळेंत गेल्यावर घरींच वाढलेल्या मुलांपेक्षां कमी वेळां आजारी पडतात, असें दीर्घकाळ केलेल्या निरीक्षणांतून दिसून आलें आहे. जुलाब हे अधिक गंभीर. तथापि त्यांचा मार्ग बहुतेक हातांवरून जातो. दुपटें बदलल्यावर साबणानें हात धुणें, पाणी उकळून देणें आणि शक्य तोंवर आईचेंच दूध देणें, यांनीं तो मार्ग पुष्कळसा बंद करतां येतो. त्या भगिनीनें भिण्याजोगे रोग निराळे आहेत. त्यांपैकीं दोहोंविषयींच आम्ही लिहितों: डांग्या खोकला आणि गोवर.

डांग्या खोकला मोठ्या माणसास झाला तर तो कंटाळवाणा खोकला एवढाच वाटतो. तोच सहा आठवड्यांच्या आंतल्या बाळास झाला म्हणजे प्राणावर बेततें. विशेष हें कीं, अशा बाळास पुष्कळदा खोकल्याची उबळ येतच नाहीं. त्याचा श्वास मध्येंच थांबतो व ओठ निळे पडतात, आणि घरच्यांस वाटतें कीं दूध अडकलें. या रोगाची पहिली टोंचणी सहाव्या आठवड्यांत असते, दुसरी दहाव्या व तिसरी चौदाव्या आठवड्यांत. तोंवर बाळ उघडेंच. आणि हा खोकला बाळास बहुधा कोठून येतो? पाळणाघरांतून येत असेल असें आपण समजतों; परंतु पुष्कळ वेळां तो घरांतूनच येतो, थोरल्या भावंडाकडून किंवा खुद्द आईबापाकडून. क्षयाचीही तीच गोष्ट आहे. जन्मतांच दिलेली बी. सी. जी. ची लस बाळास क्षयाच्या अति भयंकर प्रकारांपासून बरीच राखते. परंतु जो आजोबा दोन आठवड्यांहून अधिक खोकत आहे, त्यानें नातवाचा मुका घेण्यापूर्वीं सरकारी दवाखान्यांत जाऊन आपली थुंकी तपासून घ्यावी. तेथें त्यास पैसे पडत नाहींत.

गोवराची रीत याहून निराळी. तो वाऱ्यावर चालतो. गोवर झालेलें मूल खोलींतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचें विष त्या हवेंत राहूं शकतें. ज्यांच्या अंगीं प्रतिकार नाहीं अशीं दहा माणसें रोग्याच्या निकट सहवासांत आलीं, तर त्यांतील नऊ आजारी पडावयाचीं. आणि सर्वांत वाईट हें कीं, अंगावर पुरळ उठण्याच्या आधीं चार दिवसांपासून तें मूल रोग वाटीत असतें. त्या चार दिवसांत तें केवळ सर्दी झालेलें मूल दिसतें. यास्तव पाळणाघराची बाई कितीही दक्ष असली, तरी गोवराच्या बाबतींत ती दार लावते तें उशिराच.

येथें एक हिशेब करून पाहूं. गोवराची पहिली टोंचणी आपल्या देशांत नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. त्याआधीं सरसकट कां देत नाहींत, तर आईच्या रक्तांतून मुलास मिळालेलें संरक्षण तोंवर थोडेंबहुत शिल्लक असतें, आणि तें लशीचें काम नीट होऊं देत नाहीं. परंतु तें संरक्षण प्रत्येक मुलांत सारखेंच टिकत नाहीं. सहाव्या, सातव्या महिन्यापर्यंत पुष्कळांत तें रोग अडविण्यास अपुरें होतें. आतां आईची रजा पहा. २०१७ सालच्या दुरुस्तीनें नोकरदार स्त्रीस पहिल्या दोन बाळंतपणांसाठीं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळाली. म्हणजे सहा महिने. त्यांतील कांहीं आठवडे ती प्रसूतीच्या पूर्वींच घेते. एवंच आईची रजा सरते सहाव्या महिन्याच्या आंतबाहेर, आणि बाळाची टोंचणी येते नवव्यांत. मधले निदान तीन महिने बाळ चौदा मुलांत असतें, आणि त्याच्या अंगावर गोवराविरुद्ध जवळजवळ कांहींच नसतें. ही झाली कायदा ज्यांस लागूं पडतो त्यांची गोष्ट. धुणींभांडीं करणारी, भट्टीवर विटा थापणारी, उल्हासनगरांतील एखाद्या माडीवर कपड्यांस गुंड्या लावणारी स्त्री रजा हा शब्द ऐकूनच हंसेल. तिचा सव्वा महिना भरला म्हणजे तिची टोपली तिच्या डोक्यावर येते.

हे मधले महिने किती उघडे असतात, तें २०२२ सालीं आपल्या शेजारींच दिसून आलें. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईंतील गोवंडी भागांत लहान मुलें दगावलीं, आणि पाहतां पाहतां गोवराची साथ शहरांत, तशीच आपल्या ठाणें जिल्ह्यांत भिवंडीस व तिकडे मालेगांवास पसरली. करोनाच्या दोन वर्षांत पुष्कळ मुलांच्या टोंचण्या राहून गेल्या होत्या. आजारी पडलेल्यांत अशींच मुलें अधिक होतीं. तथापि ज्यांची वेळच आली नव्हती अशीं नऊ महिन्यांच्या आंतलीं तान्हीं मुलेंही त्यांत सांपडलीं. तेव्हां जेथें एकंदर रोग्यांत अशा तान्ह्यांचें प्रमाण शेंकडा दहांहून अधिक असेल, तेथें सहा महिने झालेल्या बाळांसही एक जादा टोंचणी द्यावी, असें केंद्र सरकारास सांगावें लागलें. त्या तान्ह्यांनीं किंवा त्यांच्या आयांनीं कोणती चूक केली होती? कांहींच नाहीं. चूक झाली होती ती शेजारच्या, दोन गल्ल्या पलीकडच्या, तीन तीन वर्षांच्या मुलांच्या कार्डांवर, जेथें दोन रकाने कोरे राहिले होते.

आमच्या मतें त्या भगिनीच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. ती विचारते, मी माझ्या बाळास कसें राखूं? आणि खरें उत्तर असें आहे कीं, कांहीं महिने तुझ्या बाळास राखणें तुझ्या हातीं फारसें नाहींच. तें इतरांच्या हातीं आहे. शंभरांतील पंचाण्णव मुलांनीं दोन्ही टोंचण्या घेतल्या असल्या, तर गोवरास वाट सांपडत नाहीं, आणि मधलें तान्हें मूल त्या पंचाण्णवांच्या आडोशास सुरक्षित निजतें. त्यास ठाऊकही नसतें कीं आपली भिंत कोणाच्या दंडांची बांधलेली आहे. तसेंच तुझें मूल पुढें दीड वर्षांचें होईल, त्याची दुसरी टोंचणी होईल, आणि तेव्हां तें दुसऱ्या कोणाच्या तरी तान्ह्याची भिंत होईल.

ही गोष्ट नवी नाहीं. १८०२ सालीं देवीची लस बसऱ्याहून जहाजानें मुंबईस आली, आणि १४ जून रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती प्रथम टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत ती पहिलीच. त्या काळीं लस बाटलींत टिकत नसे. एका मुलाच्या दंडावरील फोडांतून काढून ती दुसऱ्याच्या दंडांत घालावी लागे. ॲनाच्या दंडावरून ती मुंबईंतील आणखी मुलांच्या दंडांवर गेली, आणि अशी मुलांमुलांवरून चालत इतर प्रांतांत पोहोंचली. त्या पोरीस आपण कोणासाठीं सोसतों याची कल्पना नव्हती, आणि तिला कोणी विचारलें असेल असेंही आम्हांस वाटत नाहीं. १९८० सालीं जगांतून देवी नाहींशा झाल्याचें जाहीर झालें. आज कोणत्याही आईस देवीचें भय नाहीं, त्याच्या आरंभीं त्या लहान दंडांची रांग उभी आहे.

कोणी बंधु म्हणतील, आमचा भरवसा देवावर आहे. मूल त्यानें दिलें, तोच राखील. या बंधूंनीं मोशेच्या आईकडे पहावें. तिनें बाळ तीन महिने लपविलें. पुढें लपवितां येईना, तेव्हां त्यास उचलून नदींत सोडून दिलें नाहीं. लव्हाळ्याची पेटी घेतली, आणि पाणी आंत शिरूं नये म्हणून तिला राळ व डांबर चोपडलें. मग पेटी ठेवून ती गेली, तरी मुलाची बहीण दूर उभी राहून पाहत होतीच. भरवसा होता म्हणून डांबर कमी लावलें, असें कोठें लिहिलेलें नाहीं. आणि शेवटीं तें मूल ज्या हातांनीं पाण्याबाहेर निघालें ते हात परक्या घरचे होते, हेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसरे कोणी म्हणतात, टोंचल्यावर मुलास ताप येतो, मग निरोगी मुलास ताप कां आणावा? ताप येतो, दंड दुखतो, मूल एक-दोन रात्री किरकिरतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. ज्या आईची दुसऱ्या दिवसाची मजुरी त्या तापानें बुडते, तिच्याकडे मूर्ख म्हणून पाहणाऱ्यांनीं आधीं तिची मजुरी भरून द्यावी. आमच्या उपदेशकांस विनंती आहे कीं, टोंचणीचा दिवस कोणता तें त्यांनीं आशाताईंकडून जाणून घ्यावें, आणि आदल्या सायंकाळीं घरोघर फिरतांना केवळ "या" असें न सांगतां, मागें घर कोण पाहील हेंही विचारावें.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास आम्हांस लाज वाटते. कांहीं वर्षांपूर्वीं आमचा नातू सात वर्षांचा होता. त्याची पांचव्या वर्षाची टोंचणी राहून गेली होती. आज नेऊं, उद्यां नेऊं, असें होत होतें. तो आठ-दहा दिवस खोकत होता. रविवारीं उपासनेंत त्याचें पाठांतर व्हावयाचें होतें. सूनबाई म्हणाली, याला घरींच ठेवूं या. आम्हींच हट्ट धरला. नातवाचें पाठांतर सर्वांनीं ऐकावें अशी आजोबाची हौस, दुसरें कांहीं नाहीं. आमच्या पुढच्या बाकावर एक तरुण आई पांच आठवड्यांच्या मुलीस घेऊन बसली होती. आमचा नातू दीड तास तिच्या खांद्यामागें खोकत होता, आणि आम्ही त्याच्या पाठीवरून हात फिरवीत होतों. दहाव्या दिवशीं त्या मुलीचा श्वास दूध पितांना थांबूं लागला. तिला डांग्या खोकला झाला होता. एकोणीस दिवस ती रुग्णालयांत होती. ती वांचली.

तो रोग आमच्याच घरून गेला, हें कोणी सिद्ध केलें नाहीं. त्या आईनें आम्हांस एका शब्दानें विचारलें नाहीं, आणि आम्हींही पुष्कळ वर्षें गप्प राहिलों. बदलापूरच्या भगिनीस उत्तर लिहावयास बसलों तेव्हां लेखणी पुढें चालेना. म्हणून आधीं उठून त्या आईच्या घरीं गेलों व तिला सर्व सांगितलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग तिनें चहा ठेवला. ती मुलगी आतां शाळेंत जाते. तीच कप घेऊन आली.

हें येथें लिहिण्याचें कारण असें कीं, पाळणाघरांत खोकणारें मूल आणून सोडणाऱ्या आईला दोष देण्यास आपण फार तत्पर असतों. आमच्या भगिनीसही तिचा राग आला होता. आजारी पोर दुसऱ्यांच्या मुलांत आणून टाकतांना हिला कांहींच कसें वाटत नाहीं, असें ती म्हणाली. तें मूल एका घरकामवाल्या बाईचें होतें. ती ज्या चार घरीं काम करिते, त्यांतील एका घरीं तिनें एक दिवस खाडा केला तर पगार कापतात, आणि तीन दिवस केला तर दुसरी बाई ठेवतात. तिला वाटत नव्हतें असें नाहीं. वाटून घेण्यास तिच्यापाशीं सोय नव्हती. आम्ही नातवास नेलें तेव्हां आमची कोणती मजुरी बुडत होती? केवळ हौस होती. दोघांचें कृत्य बाहेरून एकच दिसतें, परंतु एका तराजूंत घालण्यासारखें तें नव्हे.

तथापि तिची गरज खरी आहे, म्हणून शेजारच्या पाळण्यांतील बाळास लागणारा रोग खोटा होत नाहीं. येथें कठीण गांठ आहे, आणि ती सोडविण्यास नुसती दया पुरत नाहीं. एका आईचा एक दिवसाचा पगार आणि दुसऱ्या आईच्या मुलाचा श्वास, हीं दोन्हीं समोरासमोर येऊं द्यावयाचींच कां? तीं समोरासमोर येतात, कारण मध्यें उभें राहणारें कोणी नसतें. पूर्वीं मध्यें आजी उभी असे. १९४८ सालच्या कारखाना कायद्यानें मध्यें मालकास उभें केलें होतें. ज्या कारखान्यांत ठराविक संख्येहून अधिक स्त्रिया असतील तेथें सहा वर्षांच्या आंतील मुलांसाठीं स्वच्छ, हवेशीर खोली व शिकलेली बाई ठेवावी असें त्यांत लिहिलें होतें. ती संख्या प्रथम पन्नास होती, पुढें १९७६ सालीं तीस झाली. कायदा चांगला, परंतु वीस बाया ठेवणाऱ्या शेडला तो विचारीत नसे, आणि चार घरीं भांडीं घासणारीला तर कारखानाच नव्हता. ज्यांच्या घरीं ती भांडीं घासते त्यांनीं मूल आजारी असतां दोन दिवसांचा पगार कापूं नये, यास कायदा लागत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या मुली शहरांत सुखवस्तु घरांत पडल्या आहेत त्यांनीं हें त्यांस कळवावें. आमच्या स्वतःच्या मुलीस आम्हीं कळविलें आहे.

(जातां जातां एक गोष्ट. युरोपांत अशा घरास क्रेश म्हणतात. कामकरी स्त्रियांच्या तान्ह्यांसाठीं मार्बो नांवाच्या गृहस्थानें १८४४ सालीं पॅरिस शहरांत असें घर उघडलें, तेव्हांपासून तें नांव रूढ झालें. त्या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गव्हाण. गव्हाणींत निजविलेलें बाळ कोणाचें होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. त्याच्याही आईस दुसरी जागा मिळाली नव्हती.)

भगिनीस आम्हीं लिहिलें तें असें. मूल पाळणाघरांत ठेवणें हें पाप नव्हे. तूं त्याच्याच भाकरीसाठीं जात आहेस. परंतु जाण्यापूर्वीं डांबर लाव. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांच्या टोंचण्या झाल्या आहेत काय तें कार्ड काढून पहा, आणि नऊ महिने भरतील त्याच आठवड्यांत गोवराची घे. बनल्यास आणखी दोन महिने घरचें कोणी शोध. नवऱ्याची रिक्षा त्याच्या स्वतःची आहे. तूं दिवसा व त्यानें रात्रीं काम केल्यास कांहीं आठवडे निघतील काय, हें त्याला विचार. मूल त्याचेंही आहे. मग पाळणाघराच्या बाईकडे जा, आणि माझ्या मुलाजवळ कोणास येऊं देऊं नका असें न म्हणतां, आपण सर्व आयांचीं कार्डें एकदा पाहूं या, असें म्हण.

तिनें तसें केलें. नवऱ्यानें प्रथम कुरकुर केली, मग सात आठवडे रात्रीं रिक्षा चालविली. चौदा कार्डांपैकीं पांचांवर रकाने कोरे निघाले. दोन मुलांचीं कार्डेंच नव्हतीं, तीं उत्तरेकडून कामासाठीं आलेल्या कुटुंबांचीं होतीं, आणि टोंचणी कोठें मिळते हें त्या आयांस ठाऊक नव्हतें. पुढच्या टोंचणीच्या दिवशीं सातही मुलें रांगेंत होतीं. पाळणाघराच्या बाईनें एक नियम केला कीं ताप, जुलाब, अंगावर पुरळ किंवा नवा खोकला असलेलें मूल घ्यावयाचें नाहीं. परंतु तिला भय होतें कीं असल्या नियमानें गरीब बाया येणेंच सोडतील. तेव्हां मंडळींतील दोन विधवा भगिनी पुढें झाल्या. जिच्यापाशीं खरोखरच दुसरा मार्ग नसेल तिच्या आजारी मुलाजवळ त्याच्याच घरीं पाळीपाळीनें बसण्याचें त्यांनीं कबूल केलें. दोघींचीं स्वतःचीं मुलें मोठीं झालेलीं आहेत, आणि त्या चहाखेरीज कांहीं घेत नाहींत. हें किती दिवस चालेल तें आम्ही सांगूं शकत नाहीं. दोघींपैकीं एकीचे गुडघे दुखतात.

बाळ आठव्या महिन्यांत पाळणाघरांत जाऊं लागलें. तिसऱ्याच आठवड्यांत, एका सकाळीं, त्याचें अंग कोमट लागलें. भगिनीनें मनाशीं म्हटलें कीं दांत येत असतील, आणि त्याला घेऊन नेहमीच्या वेळीं दाराशीं गेली. बाईनें कपाळाला हात लावला व मूल परत तिच्या हातांत दिलें. त्या दिवशीं त्या दोन विधवांपैकीं एक गांवीं गेलेली होती आणि दुसरी अगोदरच घरकामवाल्या बाईच्या मुलाजवळ बसली होती. भगिनी घरीं परतली; त्या दिवसाचा पगार कापला गेला. आपण बाईवर फार रागावलों, आणि तो नियम करण्यांत आपणच पुढें होतों हें संध्याकाळपर्यंत आपल्या ध्यानांतही आलें नाहीं, असें तिनें आम्हांस प्रांजळपणें लिहिलें आहे.